खासगी छायाचित्राची तक्रार केल्यावर

संमतीविना पसरवलेल्या खासगी छायाचित्राची तक्रार आली की समाजमाध्यम कंपनीला आधी संमती होती की नव्हती, हे ठरवावे लागते. आणि ते नुसत्या चित्रावरून कळत नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामवर नग्नतेलाच मनाई असल्याने तिथे हा प्रश्न बहुधा बाजूला पडतो. एक्सवर मात्र संमतीने टाकलेला प्रौढांसाठीचा मजकूर चालतो. म्हणजे परवानगी दिली नव्हती, हे पटवून देण्याचा भार पीडित व्यक्तीवरच.

मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये हे पडताळून पाहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली ५० नग्न छायाचित्रे त्यांनी एक्सवर टाकली. निम्म्यांची तक्रार कॉपीराइटचा भंग म्हणून केली, उरलेल्यांची संमतीविना नग्नता म्हणून. पहिली पंचवीसच्या पंचवीस २५ तासांत हटली. दुसऱ्या गटातले एकही चित्र तीन आठवडे उलटले तरी हटले नाही. कॉपीराइटच्या तक्रारीमागे कायद्याचा धाक होता, दुसरीमागे फक्त कंपनीची नियमावली. माणसाच्या देहापेक्षा चित्राच्या मालकीची जास्त काळजी घेतली जावी, हे संतापजनक आहे. अमेरिकेत मे २०२५ मध्ये ‘टेक इट डाउन’ कायदा झाला आणि अशी चित्रे हटवायला ४८ तासांची मुदत आली.

भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा तक्रारीसाठी २४ तासांची मुदत घातली. पुढे ती आणखी आवळली गेली. मॉर्फ केलेली छायाचित्रेही त्यात येतात. नियम मोडणाऱ्या कंपनीला कलम ७९ खालचे कायदेशीर संरक्षण गमवावे लागू शकते.

तरी हटवलेले चित्र दुसऱ्या खात्यावरून परत येतेच. त्यासाठी ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा सुरू झाली. तिथे छायाचित्र कोणाला पाठवावे लागत नाही. फोनवरच त्याचा अंकांचा ठसा, म्हणजे ‘हॅश’, तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो. तो जुळला की चित्र तपासून अडवता येते. फेसबुकने २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगात खुद्द छायाचित्रच कंपनीच्या स्वाधीन करावे लागे, म्हणून त्यावर टीका झाली होती. अल्पवयीनांसाठी अमेरिकेतील ‘टेक इट डाउन’ याच नावाची वेगळी सेवा आहे. मात्र सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर हा ठसा निरुपयोगी ठरतो.

चित्र हटले की पुरावाही जातो. म्हणून तक्रारीआधी लिंक, खात्याचे नाव, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा पोलिस ठाण्यात तेच लागतात.