माझदा आरएक्स-७ : रोटरी इंजिनची ओढ आणि निगा

माझदाची आरएक्स-७ ही दोन दारांची स्पोर्ट्स कार १९७८ ते २००२ या काळात बनत होती. तिन्ही पिढ्या मिळून आठ लाखांहून अधिक गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. त्यांतली तिसरी पिढी १९९१च्या अखेरीस जपानच्या बाजारात आली. शौकीन मंडळी तिला 'एफडी' म्हणून ओळखतात. आज या गाड्या पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या आहेत, तरी त्यांची मागणी चढतीच आहे. तिचं मुख्य कारण बॉनेटखाली आहे, आणि मालकाची खरी परीक्षाही तिथेच होते.

या गाडीच्या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्हही नाहीत. मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजूंवर इंधन आत ओढणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही कामं एकामागून एक चालू असतात. रोटरची एक फेरी पूर्ण होईपर्यंत मुख्य शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. वरखाली आपटणारं काहीच नसल्यामुळे हादरे नगण्य असतात आणि इंजिन आठ हजार आरपीएमपर्यंत विनातक्रार चढतं. चालवणाऱ्याला तर ते आणखी चढायला तयार आहे असंच वाटत राहतं, म्हणून मर्यादा जवळ आली की गाडीतला बझर वाजतो.

मूळ कल्पना जर्मन संशोधक फेलिक्स वान्केल यांची. परवाना अनेक कंपन्यांनी घेतला, पण ही कल्पना चिकाटीने तडीस नेली हिरोशिमाच्या माझदाने. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ अभियंत्यांपुढे सर्वांत अवघड प्रश्न होता तो रोटरच्या टोकांवरच्या सीलचा. हे सील थरथरत आणि आतल्या भिंतीवर ओरखडे उमटवत. त्या ओरखड्यांना कारखान्यात 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नाव पडलं होतं. सीलसाठी कार्बनयुक्त मिश्रण वापरून हा प्रश्न आटोक्यात आणला गेला आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. १९९१मध्ये चार रोटरच्या ७८७बीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, तेव्हा ती जिंकणारी माझदा ही पहिली जपानी कंपनी ठरली.

एफडीत प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन रोटर आणि दोन टर्बो आहेत. सुरुवातीची ताकद २५५ अश्वशक्ती होती, शेवटच्या काळात ती २८० झाली. गाडीचं वजन मात्र साधारण १,२५० किलो. इंजिन लहान असल्यामुळे ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवता आलं आणि वजन दोन्ही ॲक्सलवर जवळपास सारखं वाटलं गेलं. वळणावर ही गाडी ज्या सहजतेने आत शिरते, ती या मांडणीमुळे. शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रमालिका आणि पुढे 'फास्ट अँड फ्युरियस' चित्रपट यांनी तिला जगभर पोचवलं.

निगेचा विचार केला तर ही गाडी दुर्लक्ष अजिबात खपवून घेत नाही. सीलना वंगण मिळावं म्हणून एक पंप थोडं थोडं ऑइल थेट ज्वलनकक्षात सोडतो. ऑइल कमी होणं हा इथे बिघाड नव्हे. पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची सवयच लावून घ्यावी लागते. थंड इंजिन सुरू करून गाडी दोन हात हलवायची आणि लगेच बंद करायची, हे टाळायलाच हवं. जास्तीचं पेट्रोल आत साचतं, सीलवरचं ऑइल धुऊन जातं आणि मग कितीही सेल्फ मारला तरी इंजिन सुरू होत नाही.

उष्णता हा मोठा शत्रू. ॲल्युमिनियमची हाउसिंग आणि बिडाच्या प्लेटा यांच्यामधले रबरी सील एकदा जास्त तापले की कूलंट आत झिरपू लागतं. म्हणून जाणकार मालक रेडिएटर आणि कूलंटची जुनी प्लास्टिकची टाकी वेळीच बदलून टाकतात. दोन टर्बो टप्प्याटप्प्याने कामाला लावणाऱ्या बारीक व्हॅक्युम नळ्यांचं जंजाळही वयाबरोबर कडक होऊन तडकतं. एक नळी फुटली तरी दुसरा टर्बो वेळेवर लागत नाही, आणि ती नेमकी कुठली हे शोधण्यात मेकॅनिकचा अख्खा दिवस जातो.

जुनी एफडी घेताना चकाकी, रंग यांपेक्षा कॉम्प्रेशनचा अहवाल महत्त्वाचा. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो, त्यामुळे तीनही आकडे वेगळे देणारं रोटरीचं खास यंत्र लागतं. २५० आरपीएमला दर चौरस सेंटिमीटरला साडेआठ किलोच्या आसपास दाब उत्तम. सातच्या खाली गेला की इंजिन उघडावंच लागतं. हे काम खर्चाचं आहे आणि त्यात हात बसलेले कारागीर मोजकेच.

जपानमध्ये अशा गाड्यांना दर दोन वर्षांनी तपासणीतून जावं लागतं आणि तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना करही जास्त पडतो. त्यामुळे बऱ्याच गाड्या परदेशी गेल्या. अमेरिकेत पंचवीस वर्षं पूर्ण झालेली गाडी तिथले सुरक्षा नियम न लावता आणता येते, त्यामुळे भाव आणखी चढले. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करायला सहसा परवानगी नाही, म्हणून एफडी इथे क्वचितच दिसते. माझदाने जुन्या आरएक्स-७चे काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत. इंजिनचे सील इतर उत्पादकांकडूनही मिळतात. ठिसूळ होऊन तुटणारे डॅशबोर्डचे आणि दारांच्या आतल्या बाजूचे प्लास्टिकचे भाग मात्र अनेकदा भंगारातल्या गाड्यांमधून शोधावे लागतात.