परतीच्या वाटेवर

संगीतकारांची एक यादी घ्या. प्रत्येक ओळीत नाव, जन्म-मृत्यूची साले आणि राष्ट्रीयत्व. साले गाळून उरलेल्या माहितीची दुसरी यादी काढणे नवशिक्या प्रोग्रामरलाही जमते. पण या दुसऱ्या यादीत कोणी नावांचा क्रम बदलला आणि तो बदल मूळ यादीत न्यायचा असेल, तर? ओळीला ओळ लावत गेले की सिबेलियसची १८६५–१९५७ ही साले आरन कोपलंडच्या नावापुढे जाऊन बसतात.

बूमरँग या प्रोग्रामिंग भाषेवरच्या २००८ सालच्या शोधनिबंधातले हे उदाहरण. प्रश्न मात्र त्याहून बराच जुना, डेटाबेसवाल्यांचा. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले आणि पुढे तक्त्यांमधून हवे तेवढेच दाखवणारे ‘व्ह्यू’ आले. समजा, कर्मचारी आणि विभाग हे दोन तक्ते जोडून एक व्ह्यू केला. त्यातली एक ओळ पुसली, तर कर्मचारी काढायचा की विभाग बंद करायचा? दोन्हींमुळे ती ओळ नाहीशी होते. १९८१ मध्ये बांसियों आणि स्पिराटोस यांनी एक बाणेदार उत्तर दिले: व्ह्यू जे लपवतो त्याला ‘पूरक’ माना, ते जराही हलू देऊ नका आणि तसे करता येत नसेल तर बदलच नाकारा. उत्तर गणितीदृष्ट्या चोख होते, पण व्यवहारात फार कडक. कॉड यांच्या १९८५ च्या प्रसिद्ध नियमांत सहावा नियम व्ह्यूमधल्या बदलांचाच होता, तरी बहुतेक डेटाबेस साध्या व्ह्यूंच्या पुढे गेले नाहीत.

खरी कलाटणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मिळाली. बेंजामिन पिअर्स, नेट फॉस्टर आणि त्यांचे सहकारी हार्मनी नावाच्या प्रकल्पात वेगवेगळ्या ब्राउझरचे बुकमार्क जुळवण्यासारखी कामे करत होते. मूळ माहितीकडून व्ह्यूकडे जाण्याचा आणि परत येण्याचा प्रोग्राम वेगवेगळा लिहिला की एकात दुरुस्ती होते, दुसऱ्यात राहून जाते. म्हणून त्यांनी २००५ मध्ये ‘लेन्स’ मांडली: एकदाच लिहायची, दोन्ही दिशांनी चालणारी. तिला दोन अटी. काहीच बदलले नसेल तर मूळ जसेच्या तसे राहिले पाहिजे, आणि जे बदलले ते पुन्हा पाहताना तसेच दिसले पाहिजे. अशा छोट्या लेन्स जोडून मोठी लेन्स बनते आणि अटी आपोआप टिकतात. या कल्पनेचे सारे सौंदर्य इथे आहे.

सिबेलियसच्या सालांना मात्र या अटी पुरल्या नाहीत. दोन्ही पाळूनही साले चुकीच्या माणसाकडे जाऊ शकत होती. बूमरँगने प्रोग्रामरला ‘ओळख नावावरून पटवा, जागेवरून नव्हे’ असे सांगण्याची सोय दिली. त्याच धर्तीवर रेड हॅटच्या डेव्हिड लुटरकोर्ट यांनी सेटिंग्जच्या फाइली बदलणारे ऑगियस हे साधन बनवले. लिनक्सच्या हॉस्ट्‌स फाइलमधला एक पत्ता त्यातून बदलला, तरी बाजूला कोणी लिहून ठेवलेली टीप शाबूत राहते. सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच याचे मोल कळेल.

पुढे वर्तुळ रुंदावले. सॉफ्टवेअरचे आराखडे, डेटाबेस आणि प्रोग्रामिंग भाषा या तिन्ही गोटांतले संशोधक या दुतर्फी बदलांच्या प्रश्नावर २००८ मध्ये जपानमध्ये एकत्र बसले. २०१२ मध्ये एस्टोनियातल्या ताल्लिनला या विषयाची पहिली कार्यशाळा भरली. त्याच वर्षी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेसाठीच्या एडवर्ड क्मेट यांच्या लायब्ररीमुळे ‘लेन्स’ हा शब्द हजारो प्रोग्रामरांच्या तोंडी बसला. झेंजियांग हू आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बिगुल ही भाषा आणली. तिच्यात फक्त परतीची वाट लिहायची. जाण्याची वाट त्यातूनच ठरते. उलटे होत नाही, कारण जाण्याच्या एकाच वाटेला परतीच्या अनेक वाटा असू शकतात.

२०२० मध्ये इंक अँड स्विच या संशोधनगटाने केंब्रिया प्रकल्पात लेन्स ॲपच्या आवृत्त्यांमध्ये आणून बसवली. जुन्या आवृत्तीत कामाला एकच जबाबदार माणूस, नव्या आवृत्तीत अनेक. समजा, तिघे जबाबदार आहेत; त्यांतला पहिलाच जुन्या ॲपला दिसतो. तिथे कोणी ते नाव बदलले, तर न दिसणाऱ्या दोघांचे काय करायचे, हे लेन्स लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.