नाकावर भलताच आळ

पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, ही गोष्ट नाशिकच्या पोरासोरांना तोंडपाठ असते. तिच्या भावाच्या नाकाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. भाऊ म्हणजे आपला कुंभकर्ण! वाल्मीकि रामायणात राक्षस त्याला उठवायला जातात, तर त्याच्या श्वासाच्या झोतानेच मागे ढकलले जातात. नगारे बडवून झाले, अंगावरून हत्ती चालवून झाले, तेव्हा कुठे स्वारी जागी झाली. पुढे लढाईत सुग्रीवाने दातांनी त्याचंही नाक तोडलं. नाकांच्या बाबतीत त्या घराण्याचं नशीबच खोटं.

कुंभकर्ण म्हटलं की घोरणं आठवतंच, पण घोरण्याचा सगळा आळ नाकावर घालणं बरोबर नाही. जिभेचं टोक टाळूला लावा आणि हळूहळू मागे सरकवत न्या. पुढे टाळू कसा टणक लागतो, आणि मागे एकदम लिबलिबीत! तिथे हाडच नाही. त्या मऊ टाळूच्या टोकाला पडजीभ लोंबते. आरशासमोर मोठ्ठा आ केलात की दिसेल. आपण जागे असतो तोवर इथले स्नायू श्वासाची वाट नीट उघडी धरून ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात. त्यातून माणूस उताणा झोपला असेल, तर जीभही मागे कलंडते आणि वाट अरुंद होते.

आता कागदाच्या दोन लांब पट्ट्या घ्या. तोंडासमोर अगदी जवळजवळ लोंबत्या धरा आणि मधल्या फटीत जोरात फुंका. पट्ट्या लांब उडतील असं वाटतं ना? उलट त्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि फडफडतात. फटीतून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो, म्हणून. घशात पट्ट्यांच्या जागी मऊ टाळू, पडजीभ आणि घशाच्या सैल भिंती थरथरतात. तेच आजोबांचं घुर्रर्र!

म्हणूनच आजी झोपेतल्या आजोबांना कोपरखळी मारून कुशीवर वळवते. कुशीवर जीभ तितकी मागे पडत नाही. सर्दीने नाक चोंदलं की मुलंही घोरतात. काहींचे टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडिनॉइड नावाच्या गाठी मोठ्या असतात, आणि श्वासाची वाट अडते. असं मूल रोज रात्री घोरतं, दिवसा चिडचिड करतं, वर्गात पेंगतं. त्याला हसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.

घोरता घोरता श्वासच थांबला तर? काही माणसांचं असं होतं. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ सगळं चिडीचूप. मग मेंदू दचकून त्यांना अर्धवट जागं करतो, आणि 'खर्रक' करून श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच चाललं तर झोप कसली मिळणार? १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाच्या नाकावर मुखवटा बसवला आणि यंत्राने आत सतत हवा सोडली. हवेच्या दाबाने वाट उघडी राहिली आणि तो गाढ झोपला. आजही असे मुखवटे वापरतात.

मला जास्त गंमत वाटते ती स्वित्झर्लंडच्या प्रयोगाची. तिथे असा त्रास असलेल्या २५ जणांपैकी काहींना चार महिने डिजरिडू वाजवायला लावलं. डिजरिडू म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं वाद्य, वाळवीने आतून पोखरलेल्या लाकडाचा लांबलचक भोंगा. तो वाजवून वाजवून घशाचे स्नायू घट्ट झाले असावेत. त्या लोकांचं दिवसाचं पेंगणं कमी झालं, आणि शेजारी झोपणाऱ्यांचीही झोपमोड घटली. २०१७ मध्ये या संशोधनाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. तेही शांततेचं!

डिजरिडू कशाला, आपल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर तारपा आहे की! वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. नाच रंगला की तारपकरी सूर तुटूच देत नाही. गालांत साठवलेली हवा बाहेर ढकलताना तो त्याच वेळी नाकाने श्वास आत घेतो. आता कुणी तरी सुरगाण्याला जाऊन, हे तारपकरी रात्री घोरतात का, ते ऐकायला हवं.

तोवर तुम्ही ही युक्ती करून बघा. अर्धा पेला पाणी, त्यात एक स्ट्रॉ. गाल फुगवून बुडबुडे काढा, आणि बुडबुडे चालू असतानाच नाकाने श्वास घ्या. पहिल्यांदा हमखास ठसका लागेल, तेव्हा पेल्याखाली फडकं ठेवा.