सिंगल फेज घरात थ्री फेज वातानुकूलन यंत्र : अडचण कोठे, उपाय कोणते?

कोलकाता : कार्यालय वा दुकानातून काढलेले मोठे वातानुकूलन यंत्र स्वस्तात मिळते, परंतु ते घरी आणल्यावर पहिला प्रश्न विजेचा उभा राहतो. अशी यंत्रे बहुधा थ्री फेज असतात, तर बहुतांश घरांना सिंगल फेज जोडणी असते. कोलकात्यात 17 एप्रिल 1899 रोजी इमामबाग लेन येथे कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशनचे पहिले वीजकेंद्र सुरू झाले. अशा जुन्या शहरातील जुन्या वाड्यांमध्ये वायरिंगही जुने असण्याची शक्यता असल्याने हा प्रश्न सुरक्षिततेशी निगडित आहे.

थ्री फेज पुरवठ्यात तीन प्रवाह परस्परांपासून 120 अंशांच्या अंतराने वाहतात. त्यामुळे मोटारीत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होऊन ती आपोआप सुरू होते. एकाच फेजवर असे क्षेत्र तयार होत नाही. मोटार जागीच गुरगुरते, तापते आणि तिचे वाइंडिंग जळू शकते.

महाराष्ट्रातील शेतकरी थ्री फेज वीज नसताना कंडेन्सर लावून पंप चालवितात. मात्र त्यात फेजमधील समतोल बिघडतो व मोटारीची क्षमता घटते. दाबाखालील वायूविरुद्ध सुरू होणाऱ्या बंदिस्त कॉम्प्रेसरला हा उपाय अधिक धोकादायक ठरतो. स्क्रोल प्रकारच्या कॉम्प्रेसरमध्ये फेजचा क्रम उलटल्यास तो उलटा फिरतो आणि थंडावा मिळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे फेज कन्व्हर्टर किंवा व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह. ड्राइव्ह सिंगल फेज विजेचे डीसीत रूपांतर करून त्यातून तीन फेज तयार करतो. परंतु साध्या ड्राइव्हला 230 व्होल्ट दिल्यास त्यातून तेवढाच दाब मिळतो. 415 व्होल्टच्या मोटारीला 230 व्होल्ट दिले, तर तिची फिरविण्याची ताकद सुमारे एक-तृतीयांशावर येते. यंत्राचे पंखे आणि नियंत्रण सर्किट यांचाही स्वतंत्र विचार करावा लागतो.

मुख्य अडथळा विद्युतप्रवाहाचा आहे. 5 किलोवॉट भारासाठी 0.85 पॉवर फॅक्टर धरल्यास 415 व्होल्ट थ्री फेजवर प्रत्येक तारेतून सुमारे 8 अँपिअर प्रवाह वाहतो. तोच भार 230 व्होल्ट सिंगल फेजवर सुमारे 25 अँपिअर घेतो. कन्व्हर्टरमधील हानी त्यात मिळवावी लागते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच जाडीच्या तारेत ती नऊपटींहून अधिक होते. थेट सुरू होताना मोटार काही क्षण पाच ते सात पट प्रवाह खेचते. दिवे मंदावतात, एमसीबी पडतो. तो पडू नये म्हणून अधिक क्षमतेचा एमसीबी बसविल्यास तार जळण्याचा धोका वाढतो.

घरगुती इन्व्हर्टर एसीमध्येही बहुधा थ्री फेज मोटारच असते. फरक इतकाच, की तिचा ड्राइव्ह त्याच मोटारीसाठी व सिंगल फेज पुरवठ्यासाठी कारखान्यातच जुळविलेला असतो.

त्यामुळे मोठे यंत्र वापरायचेच असल्यास वितरण कंपनीकडे मंजूर भार वाढवून थ्री फेज जोडणीसाठी अर्ज करणे, परवानाधारक कंत्राटदाराकडून वायरिंग व अर्थिंग तपासून घेणे आणि फेज क्रम व फेज तुटण्यापासून संरक्षण देणारा रिले बसविणे हा सुरक्षित क्रम आहे. जोडणी मिळणे शक्य नसल्यास एका मोठ्या यंत्राऐवजी खोलीनिहाय लहान सिंगल फेज यंत्रे घेणे व्यवहार्य ठरते. मात्र त्यांचा एकत्रित भारही मंजूर मर्यादेत बसावा लागतो.