गेजचा काटा चढला, तरी पाणी कमी

ठिबकच्या शेवटच्या ओळीतली झाडं माना टाकू लागली की संशय आधी मोटरवर जातो, मग विजेवर. मोटरजवळच्या गेजचा काटा मात्र नेहमीपेक्षा वर असतो. दाब भरपूर, मग पाणी कुठे मुरतं? तो चढलेला काटाच फिल्टर तुंबल्याची खूण असू शकतो. पाण्याला पुढे वाट मिळत नाही, म्हणून दाब फिल्टरच्या अलीकडे वाढतो आणि पलीकडे पडतो. त्यामुळे एकट्या गेजवर विसंबू नये. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक पाहावा. स्वच्छ जाळीच्या फिल्टरमध्ये तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.२ किलो असतो, ०.५ च्या वर गेला की फिल्टर धुवायलाच हवा. हा फरक एका लयीत वाढत नाही, खरी मेख तिथे आहे. जाळीची निम्मी भोकं बुजली, तर तेवढ्याच पाण्याला उरलेल्या भोकांतून दुप्पट वेगाने जावं लागतं आणि दाबाची तूट जवळजवळ चौपट होते. १ किलो दाबाला तासाला ४ लिटर देणारा साधा ड्रिपर अर्ध्या किलोवर जेमतेम २.८ लिटर देतो. विद्राव्य खतही त्याच पाण्यातून जात असल्याने झाडाची उपासमार दुहेरी होते.

‘फिल्टर दर आठवड्याला धुतोच की,’ असं कोणी म्हणेल. पण पाणी वार पाहून गढूळ होत नाही. उन्हाळ्यात शेततळ्यात शेवाळ माजतं, कालव्याच्या आवर्तनाचं पहिलं पाणी गाळ घेऊन येतं. तेव्हा आठवडा फार झाला. काही जण वैतागून जाळीच काढून ठेवतात. दाब लगेच परत येतो हे खरं, पण १२० मेशची जाळी साधारण १३० मायक्रॉनपेक्षा मोठा कचरा अडवते. ती नसली की तोच कचरा ड्रिपरच्या बारीक वाटेत बसतो. फिल्टर पाच मिनिटांत धुता येतो, हजारो ड्रिपर नाही. म्हणूनच फरक अचानक शून्याजवळ आला तरी खूश होऊ नये. जाळी फाटली असेल किंवा वाळूच्या फिल्टरमधल्या थरात पाण्याने चोरवाट पाडली असेल. दोन गेज एकसारखे दाखवत नाहीत ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे तीन वाटांच्या कॉकवर एकच गेज बसवून दोन्ही बाजूंचा दाब मोजणं. वाळूचा फिल्टर बॅकवॉश करताना बाहेर पडणारं हिरवट पाणी नितळ होईपर्यंत व्हॉल्व्ह फिरवू नका, आणि धुतल्यावर लगेच दोन्ही आकडे फिल्टरच्या टाकीवरच रंगाने लिहून ठेवा.