बक्षीस घ्यायला न येणारी बाई

ओल्ड सेब्रुक (कनेक्टिकट) : ऑस्करची रात्र म्हणजे हॉलिवूडकरांची पंढरीची वारी, असा आपल्याकडचा समज. अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न या वारीला बक्षिसासाठी कधी फिरकलीच नाही. ‘मॉर्निंग ग्लोरी’पासून (१९३३) ‘ऑन गोल्डन पाँड’पर्यंत (१९८१) प्रमुख भूमिकांसाठी चार ऑस्कर तिने मिळवले, हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. चारही बाहुल्या इतरांनीच स्वीकारल्या. १९७४ साली ती त्या मंचावर आली, तीही निर्माते लॉरेन्स वाइनगार्टन यांना पुरस्कार द्यायला, बागकामाच्या पँटमध्ये. सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

आपल्याकडे हे खपलं असतं? शाल, श्रीफळ, लांबलचक प्रास्ताविक, उशिरा उगवणारे प्रमुख पाहुणे. सत्कारमूर्तीच आली नाही, तर निमंत्रणपत्रिकेवरच्या बाकीच्या नावांनी करायचं काय?

याच बाईला १९३८ मध्ये थिएटरमालकांच्या संघटनेने चक्क जाहिरात देऊन ‘तिकीटबारीवरचं विष’ ठरवलं होतं. त्या जाहिरातीतल्या यादीत ग्रेटा गार्बोसारखी तारकाही होती! आरकेओ या तिच्या स्टुडिओने एक टुकार चित्रपट पुढे केला, तेव्हा पदरचे पैसे मोजून हेपबर्नने करारातून सुटका करून घेतली आणि ती इथल्या फेनविकच्या घरी आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या वादळाने ते घरही वाहून नेलं. घरच्या मंडळींनी वाळू उकरून चांदीची भांडी गोळा केली. पुढे तिचं ‘फिलाडेल्फिया स्टोरी’ हे नाटक रंगभूमीवर गाजलं. त्याच्या चित्रपटाचे हक्क आपल्या हाती ठेवून ती हॉलिवूडला परतली, दिग्दर्शकही तिच्या पसंतीचा.

पुणेकरांना स्टुडिओशी असं भांडण्याचं फार नवल वाटू नये. १९३९ साली अभिनेत्री शांता आपटे ‘प्रभात’ या फिल्म कंपनीशी बिनसल्यावर तिच्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. म्हणजे हिंमत आपल्याकडेही होती.

फरक पडतो तो नंतर, आठवण जपण्यात. ओल्ड सेब्रुकने आपल्या जुन्या टाउन हॉलचं २००९ मध्ये हेपबर्नच्या नावाने ‘द केट’ हे नाट्यगृह केलं. तिथे गाणी होतात, नाटकं होतात, शिवाय तिच्या आठवणींचं छोटेखानी संग्रहालयही आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीजवळ तिच्या नावाची बाग झाली ती १९९७ मध्ये, ती हयात असतानाच. त्या भागातल्या झाडांसाठी ती स्वतः भांडलेली. आपण मात्र चौकाला नाव देतो, पाटीवरचा पडदा ओढतो आणि जेवायला जातो. ‘प्रभात’चा स्टुडिओ फिल्म इन्स्टिट्यूटमुळे तरी टिकला, हे नशीब; पण शांताबाईंचं ते उपोषण तिथल्या किती विद्यार्थ्यांच्या कानावर घातलं जातं, देव जाणे.