कमरपट्ट्यातील मायदेश

देश सोडून पळावे लागलेला माणूस बरोबर काय नेऊ शकतो? शेत नेता येत नाही, घर नेता येत नाही. हातातले कसब मात्र कोणत्याही सीमेवर जप्त होत नाही. लाटव्हियाच्या निर्वासितांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

बाल्टिक समुद्राकाठचे हे राष्ट्र १९१८ साली स्वतंत्र झाले आणि १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेखाली गेले. पुढे जर्मन फौजा आल्या. १९४४ मध्ये लाल सेना परतू लागताच लाखाहून अधिक लोकांनी पश्चिमेची वाट धरली. युद्धोत्तर जर्मनीतील छावण्यांत त्यांनी शाळा काढल्या, गायकवृंद उभारले, विणकाम सुरू केले. आणि १९४७ पासून ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिकेत पांगले.

त्यांच्या विणकामातील मानाचे वस्त्र म्हणजे लिएलवार्दे येथील कमरपट्टा. पांढऱ्या पोतावर तांबड्या लोकरीची भौमितिक नक्षी, हे त्याचे रूप. असे पट्टे विणण्यास मोठा माग लागतोच असे नाही. ताण्याचे एक टोक खुंटीला व दुसरे स्वतःच्या कमरेला बांधले, तरी काम भागते. म्हणूनच ही कला भाड्याच्या खोलीतही तग धरू शकली.

तथापि कला केवळ साधनांवर जगत नाही. तिला निमित्त लागते. पूर्वी मुली पट्टे व हातमोजे करून पेटीत साठवीत आणि लग्नात सासरच्या माणसांना वाटीत. परदेशी कारखान्यांत राबणाऱ्या पिढीला हे निमित्त उरले नाही. ते नव्याने दिले गीतमहोत्सवांनी. १८७३ साली रीगामध्ये सुरू झालेली ही प्रथा १९५३ मध्ये शिकागो व टोरांटो येथे पोहोचली. गायचे तर पारंपरिक पोशाख हवा, आणि पोशाख हवा तर विणणारे हात हवेत!

या स्थित्यंतराची किंमतही पडली. एका परगण्याचा पट्टा साऱ्या राष्ट्राची खूण ठरला. गावोगावचे बारकावे मागे पडण्याचा धोका अशा प्रत्येक प्रतीकात असतो. नित्याचे वस्त्र समारंभाचे झाले की त्याला आदर मिळतो, पण वापर आटतो.

१९९१ साली लाटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला. आता परदेशस्थांना पट्टा विणून देशाचे अस्तित्व सिद्ध करावयाचे नाही. खरी कसोटी येथेच आहे. दुःखाने जपलेली कला सुखाच्या काळात टिकवायची, तर ती काचेच्या कपाटात नव्हे, नातवंडांच्या बोटांत उतरली पाहिजे.